माळ्यावरचं गाठोडं

आमच्या घरात चार पिढ्यांनी सांभाळलेलं ज्वारीचं बियाणं मी दळून आणलं आणि त्याच्या भाकरी करून पाहुण्यांना वाढल्या. हे आधीच सांगून टाकते. नाही तर पुढचं वाचताना कुणाला वाटायचं, बाईनं फार सोसलं. सोसलं ते आबांनी.

आबा म्हणजे माझे वडील. माढ्याहून एसटीनं अर्ध्या तासावर आमचं गाव. मी लहान असताना तिथे रब्बीची ज्वारी, करडई, हरभरा एवढंच होतं. मग कालव्याचं पाणी आलं आणि बघता बघता जिकडेतिकडे ऊस झाला. मी उसाला नावं ठेवत नाही. माझं कॉलेज उसावर झालं आणि माझ्या धाकट्या भावाचं लग्नही. भावानं एकेक तुकडा करत सगळ्या रानात ऊस लावला, तेव्हा आबा काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त ओढ्याकडचं एक एकर सोडलं नाही. काळंभोर, खोल रान ते. उन्हाळ्यात कोपरापर्यंत हात जाईल एवढ्या भेगा पडायच्या. तिथे ते शाळू पेरत. शाळू म्हणजे रब्बीची ज्वारी. पावसाळा सरताना पेरायची आणि जमिनीत मुरलेल्या ओलीवरच थंडीत पिकवायची, वरून पाण्याचा थेंब द्यायचा नाही. आमच्या शाळूला ना नंबर होता ना जातीचं नाव. घरात त्याला 'घरचा शाळू' म्हणत.

काढणीच्या आधी आठ दिवस आबा आईच्या फाटक्या लुगड्याच्या चिंध्या खिशात कोंबून रानात जायचे आणि बियाण्यासाठी निवडलेल्या उभ्या धाटांना एकेक चिंधी बांधून यायचे. लहानपणी मी बरोबर असायची. ओढ्याच्या कडेचं भलं थोरलं कणीस मी दाखवलं की ते मान हलवायचे.

"त्ये पान्याजवळचं हाय. त्येचं काय कवतिक! ह्यो बघ, हितं वरच्या अंगाला. माती कमी, वल कमी, तरी भरलाय गडी. ह्येच्या पोटचं पायजे आपल्याला."

चिंधीची कणसं वेगळी कापायची, घरात आढ्याला चुलीच्या धुरावर टांगायची आणि पेरणीच्या तोंडावर हातानंच मळायची. त्यांना मशीन लावायचं नाही, हा आबांचा कायदा होता. शाळू निघाला की सांगोल्याकडचे एक मामा आपली मेंढरं घेऊन यायचे. मामा म्हणजे नात्यानं कुणी नव्हेत, पण इतक्या वर्षांत नात्यातलेच झाले होते. चार-पाच दिवस कळप त्या एकरात बसायचा, त्याचं खत जमिनीला मिळायचं, आणि बदल्यात आबा मामांना त्याच रानातली ज्वारी मापून द्यायचे. मेंढरं बसली की आबा खुशीत असत. "आज जमिनीला जेवाय वाढलंय," म्हणत.

मी सोलापुरात माती तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. पिशव्यांतून आलेली माती वाळवायची, कुटायची, चाळायची, तपासायची आणि कागदावर आकडे लिहून द्यायचे. आबांना याची फार गंमत वाटे. "पोरगी माती तपासती म्हनं! चाखून बघती का काय?" हल्ली आमच्या गावाकडून येणाऱ्या पिशव्यांतली माती वाळली की वर पांढरं मीठ येतं. पाणी पाजून पाजून रानं खारवलीत, चोपण झालीत. एकदा हौसेनं मी ओढ्याकडच्या एकराची माती आणून तपासली. इतकी जिवंत माती माझ्या टेबलावर क्वचितच आली असेल. मी कागद घेऊन गावी गेले. आबांनी तो उलटासुलटा करून बघितला.

"येवढं शिकून तू मला ह्येच सांगाय आलीस व्हय, की माजं रान चांगलं हाय?"

मग त्यांनी तो घडी घालून पाण्याच्या माठाखाली सरकवला, कारण माठ डुगडुगत होता. मला राग आला होता. हसूही आलं होतं, पण ते मी दाखवलं नाही.

परवाच्या साली पावसानं दगा दिला. शाळूला कडबा झाला, दाणा काही धरला नाही. एका एकरातून जेमतेम दीड गाठोडं ज्वारी निघाली. आबांनी त्यातली पायलीभर मेंढरंवाल्या मामांना दिली, कारण तो शब्द होता. बाकीची सगळी बियाण्याला राखली. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी खायची ज्वारी बाजारातून आणली. उन्हाळ्यात भावानं जुनं पत्र्याचं घर पाडून स्लॅबचं काढलं. कणसं टांगायचं आढं गेलं, चूलही गेली. आबांनी बी मळून, राखेत घोळवून, कडुलिंबाचा पाला घालून फडक्यात बांधून ठेवलं. चार-पाच किलोचं असेल. एका एकराला पुरेल एवढं, त्याहून एक मूठ जास्त नाही.

श्रावणात आबांच्या पोटात पाणी व्हायला लागलं. भाऊ त्यांना जीपमधून आमच्याकडे, जुळे सोलापूरला घेऊन आला, आणि बरोबर बाजारच्या ज्वारीचं एक पोतं. ते आम्ही स्वयंपाकघरामागच्या गॅलरीत ठेवलं. बियाण्याचं गाठोडं त्या पोत्याच्या पोटात होतं; अर्धवट बांधलेल्या घरात ते मागे ठेवायला आबांचं मन धजलं नव्हतं.

आमच्याकडची ही जुनी रीत. बी एका घरातून दुसऱ्या घरी न्यायचं झालं तर ते उघड न्यायचं नाही. खायच्या धान्यात मधोमध पुरून न्यायचं, म्हणजे उंदराला लागत नाही आणि माणसाच्या नजरेत येत नाही. ही रीत मला मागाहून कळली. माझ्या लहानपणी बी कुठे बाहेर गेलंच नव्हतं, ते आपलं आढ्याला टांगलेलं असायचं. आणि शेतकऱ्याच्या पोरीला हे तोंडानं सांगावं लागेल, असं आबांच्या मनातही आलं नसणार.

आजारी माणसाला बघायला माणसं येतात. आमच्याकडे तर सकाळच्या एसटीनं येतात, दुपारी जेवतात, आणि 'आता निघू या' म्हणत चहापर्यंत थांबतात. मलाही कुणाला भाकरी न खाता जाऊ देणं जमत नाही. ऑफिसला जायच्या आधी वीस भाकरी, आल्यावर पंधरा. पोतं भराभर उतरत होतं. गणपती बसायच्या आदल्या रविवारी ज्वारी काढायला हात घातला तर बोटांना फडकं लागलं. ओढून बाहेर काढलं. राखेनं करडं झालेलं, आत वाळका पाला. आई होती तेव्हा घरात खायची ज्वारीसुद्धा राखेतच ठेवत असत. मला वाटलं, भावजयीनं मागची शिल्लक पोत्यात ढकलून दिली आणि आता निवडायचं काम माझ्या गळ्यात. मनातल्या मनात मी तिला दोन शब्द सुनावलेही.

जुनं धान्य आधी संपवायचं, ही मला आईची शिकवण. रविवारचा सगळा दिवस घालवून मी ती ज्वारी चाळली, पाखडली, दोन पाण्यांनी धुतली आणि गच्चीवर चादर अंथरून वाळत घातली. काम करायचं तर नीट करायचं, हे माझं खूळ आहे. थोडा निष्काळजीपणा केला असता, राखेसकट तशीच कोपऱ्यात टाकली असती, तर आज हे लिहायला लागलं नसतं. सोमवारी सकाळी ऑफिसला जाताना डबा गिरणीत ठेवला.

त्या दिवशी ऑफिसात कार्यक्रम होता. वाढती लोकसंख्या आणि शाश्वत शेती असा काहीसा फलक मागे लावला होता. पाहुणे चांगलं बोलले. उद्या इतकी तोंडं वाढणार, त्यांना आपण काय खाऊ घालणार, असं त्यांनी हात पुढे करून आम्हालाच विचारलं. माझ्या घरी त्या दिवशी अकरा तोंडं होती आणि मी मनात भाज्या जुळवत होते. मग ते म्हणाले, कमी पाण्यावर येणारे आपले वाण टिकवा, घरचं बियाणं जपा. मी टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या, कारण ते आबांचंच म्हणणं होतं.

संध्याकाळी पीठ मळायला घेतलं तेव्हा हाताला फरक कळला. बाजारच्या ज्वारीची भाकरी थापताना कडेनं चिरायची. ही हाताखाली गोल पसरत गेली आणि तव्यावर टम्म फुगली. दोनदा धुतल्याचा गुण, असं मी स्वतःला शाबासकी देत म्हटलं.

आबा महिनाभर चतकोर भाकरी दुधात कुस्करून कशीबशी गिळत होते. त्या दिवशी त्यांनी कोरडाच तुकडा मोडून तोंडात घातला, आणि चावता चावता थांबले. घास तसाच गालात ठेवून माझ्याकडे बघत राहिले.

"कुटली जवारी गं ही?"

"तुमच्याच पोत्यातली की, आबा."

ते ताटाकडे बघत बसले. समोर त्यांचे मावसभाऊ, त्यांच्या सुना, सगळी पंगत जेवत होती. मग आबांनी घास गिळला.

"लई ग्वाड हाय," म्हणाले. "आनखी वाढ."

दीड भाकरी खाल्ली त्यांनी. मला काय आनंद झाला! मी पाहुण्यांना सांगितलं, नवऱ्याला सांगितलं, शेजारणीला बेल वाजवून सांगितलं. औषध लागू पडलं, आता आबा उठतात, असं मी धरूनच चालले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा दिला तेव्हा त्यांनी विचारलं, "पोत्यातलं गाठोडं वर काडून ठेवलंस न्हवं? बियाचं?"

राख, पाला, फडकं, गच्चीतली चादर, गिरणी. एका क्षणात सगळं डोळ्यांपुढे आलं. खरं बोलायला तेवढा एकच क्षण होता आणि तो मी घालवला.

"व्हय, आबा. माळ्यावर ठेवलंय."

"बरं केलंस," म्हणाले आणि बशीत चहा ओतला.

मी तशीच गच्चीवर धावले. चादर झटकलेल्या जागी कबुतरं फिरत होती. फरशांच्या फटी मी केरसुणीच्या काडीनं उकरल्या, हाती काही आलं नाही. गिरणीवाल्याला विचारलं, जात्याच्या तोंडाशी काही अडकलंय का. तो बिचारा माझ्याकडे बघतच राहिला. गावात दोन-तीन घरी फोन केले. घरचा शाळू म्हटल्यावर लोक हसले. सगळे दुकानातली पिशवी आणून पेरतात, तेही पेरत असतील तर. डब्यात पीठ होतं. ते टाकवेना, आणि ठेवून करायचं काय? चार दिवस मी त्याच पिठाच्या भाकरी केल्या. आबा रोज खात होते, आणि मी त्यांच्याकडे न बघता वाढत होते.

आणि मग मी आणखी एक केलं, ज्याची मला जास्त लाज वाटते. बाजारच्या ज्वारीतली पाच किलो घेतली, राखेत घोळवली, त्याच फडक्यात बांधली आणि माळ्यावर नेऊन ठेवली. पाला सोसायटीच्या फाटकाजवळच्या कडुलिंबाचा. खोटेपणासुद्धा मी नीटनेटका केला.

आबांनी पुन्हा कधी त्याबद्दल विचारलं नाही. गावात पाऊस किती झाला, गाय व्याली का, स्लॅबचं कुठवर आलं, हे रोज विचारत. बियाण्याचा शब्द नाही. त्यांचा माझ्यावर विश्वास बसला, असं मी समजले. त्या विश्वासानं मला जेवण जात नव्हतं.

गौरी गेल्या आणि भाऊ आला. पेरणीची वेळ झाली होती.

"रान तयार हाय, आबा. वल बी झ्याक हाय. बी द्या, उद्याच पेरतो."

मी ओट्याशी उभी होते. हातातलं भांडं खाली ठेवायचंही सुचेना.

आबा पडल्या पडल्या म्हणाले, "बी हाय की. तिनं माळ्यावर जपून ठेवलंय. पन औंदा ऱ्हाऊ दे. ऊस लाव तितं."

किती वर्षं भाऊ या एकरासाठी त्यांच्या मागे लागला होता, आणि दर वेळी भांडण होऊन विषय संपत होता. "खरंच म्हनताय?" त्यानं दोनदा विचारलं. आबांनी डोळे मिटून हात हलवला.

खरं सांगते, पहिल्यांदा मला सुटल्यासारखं वाटलं. मग राग आला, आणि तो आबांचाच आला. भाऊ गेल्यावर मी त्यांच्यापाशी बसले आणि बोललेही. "जन्मभर त्या तुकड्यासाठी सगळ्या गावाशी वाकडं घेतलंत, आणि आता सरळ ऊस लाव म्हणता? तुम्हीच असं केल्यावर बाकीच्यांनी काय करायचं?" कार्यक्रमातल्या पाहुण्यांचं बोलणं माझ्या तोंडून येत होतं, आणि माळ्यावर ते गाठोडं होतं. माझी मलाच आता कमाल वाटते.

"लई झालं, बाई," आबा म्हणाले. "दमलो." आणि माझ्या हातावर हात ठेवून पडून राहिले.

दिवाळी झाली आणि आठवड्यात आबा गेले. आमच्याच घरी, दुपारी, मी शेजारी असताना. शेवटचे दोन दिवस ते बोलत नव्हते. मला सांगायचं होतं. दोनदा मी खुर्ची ओढून जवळ बसले, आणि दोन्ही वेळा पायांना तेल चोळून उठले.

दहावा गावी केला. मेंढरंवाले मामा कळप पुढे मुलांबरोबर धाडून एकटे आले होते. विधी झाल्यावर मी ओढ्याकडे गेले. मला तो तुकडा बघायचा होता. सऱ्या पाडलेल्या, पाणी सोडलेलं, उसाचे कोंब वीतभर वर आलेले. मामा माझ्या मागोमाग आले आणि घोंगडी खांद्यावर सावरत बांधावर उभे राहिले.

"ताई, आबांचं येक काम माज्याच्यानं झालं न्हाय," ते म्हणाले. "लई जिवाला लागून ऱ्हायलंय."

"कसलं काम, मामा?"

"गनपतीच्या दिसात फोन केला हुता त्येनी. सकाळचं. म्हनले, तुला दिलेल्या पायलीतलं काय शिल्लक हाय का? मूठभर असलं तरी चालंल. आवो, आमी तर आषाढातच खाल्लं त्ये. बायकूनं समदी गाडगी, पिशव्या झटकून बघितल्या. येक दाना गावला न्हाय."

मामांनी जीभ चावली. मग माझं तोंड बघून त्यांनाच राहवलं नाही.

"कुनाला बोलू नगं म्हनले हुते. पन आता त्येच न्हाईत, कुनापास्नं लपवू? म्हनले, लेकीच्या हातनं दळान झालंय. घास तोंडात घातला की वळकलं म्या. तिला इचारलं तर म्हनती माळ्यावर हाय. भ्यालीया पोर. तिला कळू दिऊ नगंस मला ठावं हाय म्हून. म्या म्हनलं, आबा, मग दुकानचं आनून पेरा की. तर म्हनले, दुकानचं आनलं की ल्योक इचारंल, घरचं कुटं गेलं? मग पोरगी काय सांगंल? त्यापरीस ऊस लावतो म्हनले."

मी बांधावर खाली बसले. त्या चार दिवसांत मी मान खाली घालून वाढत होते आणि ते मान खाली घालून खात होते. मी त्यांना तावातावानं बोलले तेव्हाही त्यांना सगळं माहीत होतं. एका शब्दानं ते मला गप्प करू शकले असते. त्याऐवजी दमलो म्हणाले. मी तोंडात पदर कोंबून रडले, आणि मामा शेजारी उभे राहिले.

इतक्यात भाऊ आम्हाला शोधत आला. नुकतंच डोकं केलेलं, डोळे सुजलेले.

"ताई, हितं हाईस व्हय. मी काय म्हनतो, ह्या वरच्या अंगाला दोन सऱ्या मोडतो. उशीर झालाय, पन आबांच्या नावानं थोडा शाळू टाकू. पुढल्या साली वाडवू. तू उद्या जाशील तवा माळ्यावरचं गाठोडं धाडून दे."

गाठोडं होतं. राख होती, पाला होता, फडकंही तेच होतं. मी दिलं असतं, त्यानं पेरलं असतं, ज्वारी उगवलीही असती. आबा असते तर एका घासात ओळखलं असतं, पण आता ओळखणारं कुणी राहिलं नव्हतं.

"ते गाठोडं खोटं हाय," मी म्हटलं.

मग त्याला सगळं सांगितलं. पोत्यापासून मामांच्या फोनपर्यंत, काही न लपवता. तो ओरडेल असं मला वाटत होतं, आणि त्यानं ओरडायला हवं होतं. तो ऐकत राहिला.

"आबांनी खाल्ली त्यातली?" शेवटी त्यानं एवढंच विचारलं.

"व्हय. पहिल्या दिवशी दीड भाकरी."

त्यानं मान हलवली. सऱ्यांतून पाणी हळूहळू आमच्या पायांकडे सरकत होतं. भाऊ त्या कोंबांपाशी उकिडवा बसला.

"म्या ऊस लावला की गं हितं."